मोजडीच्या फुलाची थंडी

आमच्या घरी एक झाड आहे. माझ्या मामाने ते १९८३ साली शिलाँगहून आणलं. मामा लष्करात होता. ज्या घरात तो भाड्याने राहायचा तिथल्या मालकिणीच्या अंगणात या झाडाच्या दहा-बारा कुंड्या होत्या, आणि बदली होऊन निघताना तिने एक जुडगा फोडून त्याच्या हाती दिला. ओल्या शेवाळात गुंडाळून, कापडी पिशवीत घालून, तीन रात्रींचा रेल्वे प्रवास करून ते पुण्यात आलं. आईने सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात, उत्तरेकडच्या ओट्यावर, मातीच्या कुंडीत लावलं. पुढच्या वर्षी शिमग्याच्या सुमारास त्याला फूल आलं. वर पांढऱ्या कडेची हिरवट पाकळी, तिच्यावर तपकिरी ठिपके, दोन्ही बाजूंना वार्निश केल्यासारख्या चकचकीत पिवळट-तपकिरी पाकळ्या, आणि खाली हुबेहूब एखाद्या लहान मुलाची मोजडी. आई म्हणाली, "हे तर मोजडीचं फूल!" तेव्हापासून आमच्याकडे त्याचं तेच नाव.

वाड्यात ते दरवर्षी फुलायचं आणि एकेक फूल दीड-दोन महिने टिकायचं. २००९ साली वाडा पाडला, आम्ही सिंहगड रस्त्याजवळ पाचव्या मजल्यावर राहायला आलो, आणि फूल थांबलं. झाड मेलं नाही. पानं हिरवीगार, दरवर्षी दोन-तीन नवे कोंब, पण कळी नाही. नऊ वर्षं नाही. आईने खत बदललं, कुंडी बदलली, एका वर्षी दृष्टही काढली. मग ती म्हणायला लागली, "त्याला जागा सोसली नाही." हे ती झाडाबद्दल म्हणत होती की स्वतःबद्दल, हे मी कधी विचारलं नाही.

मी वनस्पतिशास्त्र शिकलेले नाही. वाणिज्य शाखेची पदवी आणि एका पतपेढीत बावीस वर्षं हिशेब तपासणं, एवढीच माझी पात्रता. त्या नोकरीने एक सवय मात्र लावली. कागदावर आकडा दिसला की तो कुठून आला, कोणी लिहिला, कशासाठी लिहिला, हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. या लेखात जे सांगायचं आहे ते सगळं त्या एका सवयीतून निघालं.

झाडाचं शास्त्रीय नाव पॅफिओपेडिलम इन्सिग्ने. पॅफॉस हे सायप्रस बेटावरचं अॅफ्रोडाइटीचं ठाणं आणि पेडिलॉन म्हणजे वहाण. थोडक्यात, देवीची चप्पल. पॅफिओपेडिलम ही प्रजाती एर्न्स्ट फिट्झर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८६ साली वेगळी काढली. त्याआधी हा सगळा गोतावळा सिप्रिपेडियम या लिनीअसने दिलेल्या नावाखाली नांदत होता, आणि बागवान लोक तर विसाव्या शतकातही जुनंच नाव वापरत राहिले. आपल्या सह्याद्रीत सीतेची वेणी आहे, कितीतरी आमरी आहेत, पण मोजडीवाली नाही. दक्षिण भारतात या प्रजातीची एकच जात आहे, पॅफिओपेडिलम ड्रूरी, आणि ती केरळ-तमिळनाडूच्या सीमेवरच्या अगस्त्यमलईच्या डोंगरांतच सापडते. बाकी भारतीय जाती ईशान्येकडच्या: खासी टेकड्या, आसाम, अरुणाचल, सिक्कीमकडचा पट्टा.

घरात ही झाडं वाढवण्याविषयी कोणतंही पुस्तक उघडा, तापमानाचा एक नियम हमखास मिळतो. ज्यांची पानं चितकबरी, म्हणजे गडद-फिकट हिरव्या नक्षीची, त्यांना ऊब हवी: रात्री १६ ते १८ अंश सेल्सिअस. ज्यांची पानं साधी हिरवी, त्यांना गारवा: रात्री १० ते १३. दिवसा दोन्हींना २४ ते २७च्या आसपास. आमच्या इन्सिग्नेची पानं साधी हिरवी. म्हणजे १० ते १३. हा नियम मी पहिल्यांदा २०१८ साली वाचला आणि हसले. पुण्यात एप्रिलच्या दुपारी ३८ अंश असतात. आमचं झाड पस्तीस वर्षं त्यातून तगलं होतं. मग हा १० ते १३चा आकडा कोणाचा?

त्याचं उत्तर शोधायला मला एकोणिसाव्या शतकात जावं लागलं. नॅथॅनिएल वॉलिच हा डॅनिश शल्यवैद्य कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख होता. सिल्हेट आणि खासी टेकड्यांकडून आलेली मोजडीची झाडं त्याच्यामार्फत इंग्लंडला गेली. आधी चितकबऱ्या पानांचं व्हेनुस्टम, मागोमाग आमचं इन्सिग्ने. १८२०च्या सुमारास दोन्ही तिकडे फुलली होती. तेव्हा युरोपात अशा झाडांसाठी एकच उपाय ठाऊक होता: काचेचं घर, खाली भट्टी, भिंतीतून गरम धुराचे नळ, दारं-खिडक्या बंद. उष्ण देशातलं झाड म्हणजे उष्णता आणि दमटपणा, असा हिशेब. जॉन लिंडली हा त्या काळातला ऑर्किडांचा सर्वांत मोठा जाणकार, पण १८३०च्या सुमारास त्याचाही सल्ला भर उष्णतेचा आणि दाट सावलीचाच होता. हजारो झाडं त्या सल्ल्याने उकडून मेली.

चॅट्सवर्थच्या जोसेफ पॅक्स्टनने हे बदललं. त्याच्या मालकाने, ड्यूक ऑफ डेव्हनशायरने, जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला १८३५ साली भारतात पाठवलं. गिब्सन चेरापुंजीला राहिला, खासी टेकड्यांतून ऑर्किडं गोळा केली आणि १८३७ साली परतला. तिथली हवा त्याने अंगावर घेतली होती. भारतातलं ऑर्किड म्हणजे उकाड्यातलं ऑर्किड नव्हे, हे ज्याने तिथल्या रात्री काढल्या त्याला सांगावं लागत नाही. पॅक्स्टनने हवा खेळती ठेवली, उष्णता कमी केली, वेगवेगळ्या गटांना वेगवेगळ्या तापमानाची घरं दिली. पुढे जेम्स बेटमनने थंड घरातल्या ऑर्किडांचा पुरस्कार केला. शतकाच्या उत्तरार्धात श्रीमंत संग्राहकांकडे तीन प्रकारची काचघरं रूढ झाली: गार, मध्यम आणि सर्वांत गरम. गंमत अशी, की सर्वांत गरम घराला नाव होतं 'ईस्ट इंडिया हाउस'. शिलाँगला हिवाळ्यात रात्रीचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि उन्हाळ्यातली दुपारही चोवीस-पंचवीसच्या फार वर जात नाही, पण नावात इंडिया म्हणजे भट्टी हे समीकरण काही सुटलं नाही.

आता त्या काचघराच्या मालकाच्या जागी उभं राहून पाहा. बाहेर बर्फ आहे. रात्री भट्टीत कोळसा घालायचा आहे. त्याचा प्रश्न एकच: पारा किती खाली गेला तरी चालेल? त्याहून वर नेणं म्हणजे पैसे जाळणं. १० ते १३ किंवा १६ ते १८ हे आकडे त्या प्रश्नाचं उत्तर आहेत. ती तळाची मर्यादा आहे, कोळशाच्या खर्चातून आलेली. पुण्या-मुंबईच्या माणसाचा प्रश्न अगदी उलटा असतो: पारा किती वर गेला तर झाड मरेल? ते पुस्तकात फारसं नाही, कारण पुस्तक लिहिणाऱ्याला ती अडचण वर्षातून चार दिवस यायची. आपण तळाचा आकडा छताचा म्हणून वाचतो आणि एक तर हताश होतो, नाहीतर वातानुकूलित खोलीत कुंडी नेऊन ठेवतो. वातानुकूलन यंत्र हवा कोरडी करतं आणि नेमक्या चुकीच्या वेळी गार करतं. माझ्या पाहण्यात त्याने कोणत्याही मोजडीचं भलं झालेलं नाही.

पण १० ते १३ हा आकडा नुसता कंजूषपणाचा नव्हता, हे मला पुढे कळलं. १९५२ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून गाविनो रोटर यांचं ऑर्किडांच्या वाढीवर आणि फुलण्यावर दिवसाची लांबी व तापमान यांचा काय परिणाम होतो याविषयीचं संशोधन प्रसिद्ध झालं. त्यात आमचं इन्सिग्ने होतं. सुमारे १३ अंशांत ठेवलेल्या झाडांना कळ्या धरल्या, मग दिवस लहान असो वा मोठा. सुमारे १८ अंशांत ठेवलेली झाडं वाढत राहिली, कळी मात्र धरली नाही. ही ओळ वाचली तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मी उठून दिवाणखान्यात गेले. कोपऱ्यात, पडद्याजवळ, आईचं झाड होतं. डिसेंबर होता, बाहेर हुडहुडी भरत होती आणि घरात मी बाह्यांच्या साध्या झग्यावर उभी होते.

दुसऱ्या दिवशी दोन किमान-कमाल तापमापक आणले. एक दिवाणखान्यात, एक गॅलरीत. त्या आठवड्यात गॅलरीतला रात्रीचा आकडा ११ ते १३च्या दरम्यान राहिला. दिवाणखान्यातला २० आणि २१. सिमेंटच्या भिंती दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ते सोडतात. वाड्याला जाड मातीच्या भिंती होत्या, पण झाड भिंतींच्या आत कधी नव्हतंच, ते ओट्यावर होतं.

आईला विचारलं, "तू हे आत केव्हा घेतेस?"

"कोजागिरी झाली की. का गं?"

"आणि बाहेर?"

"शिवरात्रीनंतर. थंडी बाधेल की नाही त्याला? वाड्यात हौसेला जागा नव्हती म्हणून बाहेर राहायचं बिचारं. इथे जागा आहे तर कशाला गारठवायचं?"

म्हणजे नऊ वर्षं ती त्याला मायेने उबेत ठेवत होती.

ऊब आणि फूल यांचा हा विरोध का असावा, हे समजायला मला जमाखर्चाचीच भाषा सोपी पडली. झाड दिवसा प्रकाशात साखर बनवतं, ही जमा. श्वसन चोवीस तास चालू असतं, हा खर्च. तापमान दहा अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग साधारण दुपटीच्या आसपास जातो. दिवसा जमा होत असते म्हणून उबेचा खर्च निभतो. रात्री जमा शून्य, आणि खोली २१ अंशांवर असेल तर ११ अंशांच्या मानाने जवळपास दुप्पट खर्च. मोजडीच्या जातींना कांद्यासारखे फुगीर खोडाचे साठेही नसतात, जे इतर अनेक ऑर्किडांना असतात. जे काही आहे ते पानांत आणि मुळांत. त्यांच्या पानांविषयी एक विलक्षण गोष्ट १९७५ साली नेल्सन आणि मेयो यांनी दाखवली: पानावरच्या सूक्ष्म छिद्रांची उघडझाप करणाऱ्या पेशींत इतर झाडांत हरितकण असतात, पॅफिओपेडिलममध्ये ते नसतात, आणि तरी छिद्रं काम करतात. एकूण हे झाड सावकाश कमावणारं आणि सावकाश खर्चणारं. अर्थात कळी धरणं हा नुसता शिलकीचा प्रश्न नाही. रोटर यांच्या प्रयोगात गारवा हा संकेत म्हणून काम करत होता: हिवाळा आला, आता फूल धर. पण संकेत मिळाला आणि तिजोरी रिकामी असली तरी फूल येत नाही, म्हणून दोन्ही बाजू लक्षात ठेवाव्या लागतात.

यातून मला शिमग्याचं कोडंही सुटल्यासारखं वाटलं. पुस्तकांत इन्सिग्नेचा बहर नोव्हेंबर-डिसेंबरचा दिलेला असतो. आमचं फुलायचं फाल्गुनात. खासी टेकड्यांत रात्री गार व्हायला आश्विनातच सुरुवात होते. पुण्यात खरी थंडी मार्गशीर्षात. थंडीला उशीर, म्हणून कळीला उशीर, म्हणून फुलालाही. हा माझा अंदाज आहे, पण वाड्यातल्या पंचवीस वर्षांच्या आईच्या आठवणीशी तो जुळतो.

त्या डिसेंबरात आम्ही कुंडी गॅलरीत नेली. आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

इथे माझ्या एका चुकीची कबुली द्यायला हवी. नव्या ज्ञानाच्या भरात मी त्याच महिन्यात एका रोपवाटिकेतून दुसरी मोजडी आणली, चितकबऱ्या पानांची, हिरव्या-पांढऱ्या फुलाची. ती मॉडिई या जुन्या संकराच्या घराण्यातली होती, म्हणजे मुळात कॅलोसम आणि लॉरेन्सिअॅनम या आग्नेय आशियातल्या उष्ण जातींचं रक्त. तिला मी इन्सिग्नेच्या शेजारीच गॅलरीत ठेवलं. संध्याकाळी पाणी घातलं, ते पानांच्या बेचक्यात साचलं, रात्री पारा ९वर गेला. चार दिवसांत मधला कोंब तपकिरी, मऊ आणि दुर्गंधी. पंधरवड्यात झाड संपलं. पानांचा नियम मी वाचला होता आणि तरी पाळला नव्हता. पाणी सकाळी घालायचं, अंधार पडेपर्यंत बेचकं कोरडं व्हायला हवं, हे दुसरं कलम त्याच अपघाताने शिकवलं. पावसाळ्यात ते जास्तच खरं: आषाढ-श्रावणात पुण्यात दिवस २७-२८चा आणि रात्र २२ची, या झाडांना मानवणारी, पण साचलेलं पाणी आणि कोंदट हवा एकत्र आली की कुजवणारे जिवाणू ताबा घेतात. गॅलरीत छोटा पंखा मंद लावून ठेवणं हा मला सापडलेला सर्वांत स्वस्त उपाय.

पानांच्या नियमाबद्दलही सावध राहावं. तो बहुतेक वेळा चालतो, नेहमी नाही. व्हेनुस्टमची पानं उत्तम चितकबरी, पण ती खासी-हिमालयाच्या पायथ्याकडची जात, तिला हिवाळी गारवा सोसतो आणि हवाही असतो. उलट बोर्निओतल्या किनाबालू डोंगराच्या उतारावरच्या रॉथ्सचाइल्डिअॅनमची पानं साधी हिरवी, लांब पट्ट्यासारखी, पण एकाच दांड्यावर अनेक फुलं देणाऱ्या त्या गटाला ऊब हवी. तेव्हा पानापेक्षा गाव विचारावं. जात कोणत्या डोंगरात, किती उंचीवर वाढते? समुद्रसपाटीपासून दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. ही एक गोष्ट माहीत असली की तक्ता पाठ करावा लागत नाही. संकरित झाड असेल तर आजी-आजोबांची गावं शोधावीत. १८६९ साली जॉन डॉमिनीने फुलवलेला पहिला संकर, हॅरिसिअॅनम, हा थंड डोंगरातल्या व्हिलोसमचा आणि मलायाकडच्या बार्बेटमचा. त्याने दोन्हीकडचं घेतलं आणि म्हणूनच तो घरात वाढवायला सोपा ठरला. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक मोजड्या आज अशा मिश्र घराण्यांतल्याच असतात, आणि नवशिक्याने सुरुवात त्यांच्यापासूनच करावी.

आता उन्हाळा. खरं संकट एप्रिल-मेचं आहे, आणि इथे पुण्याच्या माणसाला मुंबईकरापेक्षा एक वरदान आहे जे आपण शाप समजतो: कोरडी हवा. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक सुमारे २१ अंश दाखवतो. सतरा अंशांचा फरक, नुसत्या बाष्पीभवनाने. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने. मुंबईत मे महिन्यात ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर तोच ओला तापमापक २८च्या वर थांबतो. फरक पाच अंशांहूनही कमी. म्हणून मुंबईत ही युक्ती चालत नाही, आणि पुण्यात चालते.

मी काय करते ते सांगते. मातीची, न रंगवलेली कुंडी. ती एका मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवायची, मधल्या पोकळीत नदीची वाळू, वाळू सकाळ-दुपार ओली. आत झाडाच्या मुळांशी मत्स्यटाकीत वापरतात तो छोटा तापमापक खोचून पाहिला: बाहेर ३६ असताना मुळांपाशी २५-२६. प्लास्टिकच्या कुंडीत तोच आकडा हवेच्या बरोबरीने चढतो. भोवती गोणपाट, तेही ओलं. वर दुहेरी हिरवी जाळी, कारण पानावर थेट ऊन पडलं तर पान हवेपेक्षा कितीतरी अंश जास्त तापतं, आणि घाम गाळण्यात कंजूष असलेल्या या झाडाला स्वतःला गार करता येत नाही. पान हाताला गरम लागलं तर सावली कमी पडते आहे. हा तपास कोणत्याही यंत्राशिवाय होतो. कूलरचा झोत थेट झाडावर येऊ देऊ नये. आणि रात्री कुंडी उघड्या हवेत असावी: पुण्यात चैत्रातली रात्र बावीसपर्यंत उतरते, दिवस आणि रात्र यांतला हा फरकच झाडाला सावरतो. अडतीसची दुपार सोसल्यावर बावीसची रात्र मिळाली तर झाड निभावतं. बत्तिसाच्या दुपारनंतर अठ्ठाविसाची रात्र, हे जास्त वाईट.

या सगळ्यात फेअरीअॅनमची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. वळलेल्या मिश्यांसारख्या पाकळ्यांची ही छोटी जात १८५७ साली लिव्हरपूलच्या फेअरी नावाच्या संग्राहकाकडे फुलली. झाडं कुठून आली याची नोंद नीट ठेवलेली नव्हती. संग्राहकांकडची झाडं एकेक करून गेली, आणि पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं ती 'हरवलेली ऑर्किड' म्हणून गाजली. फ्रेडरिक सँडर या व्यापाऱ्याने तिच्यासाठी हजार पौंडांचं बक्षीस लावलं. १९०४-०५च्या सुमारास सिअराइट नावाच्या इंग्रजाला ती भूतानात सापडली, आणि लगेच पोत्यांनी उपसून निर्यात झाली. ड्रूरीची गोष्ट याहून जवळची. कर्नल हेबर ड्रूरीला १८६५ साली त्रावणकोरच्या डोंगरांत ती सापडली, पुढे ती नामशेष झाली असं मानलं गेलं, १९७२ साली पुन्हा दिसली. आज ती अतिसंकटग्रस्त आहे आणि केरळातल्या पालोडच्या वनस्पती उद्यानाने तिची रोपं तयार करून डोंगरात पुन्हा लावण्याचं काम केलं आहे. १९९० पासून पॅफिओपेडिलमच्या सर्व जंगली जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे, आणि आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या संरक्षित वनस्पतींच्या यादीतही ही प्रजाती आहे. तेव्हा कोणी "जंगलातलं अस्सल झाड" म्हणून मुळांना माती चिकटलेला जुडगा विकत असेल, तर घेऊ नये. रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेलं झाड घरात तगतंही चांगलं. डोंगरातून उपटलेलं झाड आपलं गाव सोडून येतं, आणि पहिल्या उन्हाळ्यात बहुधा जातं.

आमच्या झाडाला त्या पहिल्या हिवाळ्यात काही झालं नाही. आई म्हणाली, "बघ." मला वाटलं चुकले. पण तोवर डिसेंबरचा निम्मा गेला होता आणि जुन्या कोंबांत नऊ वर्षांची उबेची सवय होती. दुसऱ्या वर्षी कुंडी वर्षभर बाहेर राहिली. कोजागिरीला आईने दुधाचा पेला हातात घेऊन गॅलरीत खुर्ची टाकली आणि झाडाकडे पाहत बसली, आत घेतलं नाही. जानेवारीच्या अखेरीस नव्या कोंबाच्या बेचक्यातून काहीतरी वर येताना दिसलं. पान असेल असं वाटलं. पान चपटं असतं, हे गोल होतं. आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली होती पण बारीक दिसायचं नाही, म्हणून तिने बोट लावून पाहिलं. "मखमल आहे गं," ती म्हणाली. दांड्यावर लव असते, ते खरंच.

२०२० साली होळीच्या चार दिवस आधी ते उमललं. टाळेबंदी लागली तेव्हाही फूल तसंच होतं. घरात अडकलेल्या आम्हा दोघींकडे पाहायला तेवढंच होतं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ते देठाशी गळून खाली पडलं, तसंच्या तसं, न सुकता. ही फुलं अशीच जातात. आईने ते देवासमोर ठेवलं नाही. उचलून तिने मामाच्या फोटोपुढे ठेवलं.

आता झाडाचे तीन जुडगे झाले आहेत. दादरच्या मावशीला एक हवा होता; तिला नाही म्हटलं, कारण तिथल्या रात्री हिवाळ्यातही सोळा-सतराच्या खाली क्वचित जातात, तिला त्याऐवजी चितकबऱ्या पानांचा संकर दिला आणि तो छान फुलतो आहे. एक जुडगा नाशिकला मामेबहिणीकडे गेला. मामाचं झाड मामाच्या लेकीकडे गेलं, म्हणून आई खूश. गेल्या डिसेंबरात रात्री दहाला तिचा फोन आला.

"ताई, फार थंडी पडलीय. आत घेऊ का त्याला?"

"किती उतरलंय?"

"काल सात होतं."

"मग भिंतीच्या कडेला सरकव, वरून पोत्याचा आडोसा कर, पाणी दोन दिवस घालू नकोस. आत नको."

ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आत्या तिथे आहे का? तिला विचार."

आईने फोन हातात घेतला. "बाहेरच राहू दे," ती म्हणाली.